सहा वर्षं पिंपात: विन्या तोंदोनिया रेसेर्वाचं प्रकरण

स्पेनमधल्या रिओखा या वाइन-प्रदेशाच्या नियमाप्रमाणे लाल वाइनच्या बाटलीवर ‘रेसेर्वा’ लिहायचं तर ती किमान 3 वर्षं मुरलेली हवी. त्यांतलं किमान 1 वर्ष ओकच्या पिंपात आणि किमान 6 महिने बाटलीत. आरो या गावातलं लोपेझ दे एरेदिया हे घराणं आपली विन्या तोंदोनिया रेसेर्वा पिंपात ठेवतं तब्बल 6 वर्षं. पुढे बाटलीतला मुक्काम धरला तर ती बाजारात येईपर्यंत काढणीला साधारण दहा-बारा वर्षं उलटलेली असतात.

कागदावर हे गणित जमायला नको. ओक वाइनला व्हॅनिला, नारळ, भाजलेल्या लाकडाचा वास देतो, तर सहा वर्षांत वाइनची फळी व्हायला हवी. लाकूड सच्छिद्र असतं, आत हवा जाते, तर तेवढ्या काळात तिचं व्हिनेगर व्हायला हवं. प्रत्यक्षात बाटलीतून येते 12.5 ते 13 टक्के अल्कोहोलची, विटकरी काठाची, अजून आंबटसर ताजेपणा टिकवून असलेली हलकी वाइन. सुक्या चेरीचा, चामड्याचा, थोडा तंबाखूचा वास, आणि ओक शोधावाच लागतो. असं कसं होतं, ते कुठे बिघडू शकतं आणि या रीतीची किंमत काय, एवढंच या प्रकरणात तपासायचं आहे.

जागा आणि द्राक्षं

इतिहास थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा खाऊन टाकल्या. तिथले व्यापारी माल शोधत रिओखात उतरले आणि आपली रीतही घेऊन आले: 225 लिटरचं पिंप, वरचेवर वाइन एका पिंपातून दुसऱ्यात बदलणं, अंड्याच्या पांढऱ्या बलकाने निवळणं. आरोला रेल्वे आधीच पोचली होती, म्हणून वाइनघरं स्टेशनाला खेटून उभी राहिली. त्या वस्तीचं नावच बार्रिओ दे ला एस्तासियोन, म्हणजे स्टेशनची वस्ती. डॉन राफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी 1877 मध्ये इथे सुरुवात केली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्यांतली मारिया होसे, मेर्सेदेस आणि हुलिओ सेसार ही भावंडं कारभार पाहतात. गंमत अशी की या व्यापाऱ्यांच्या बोर्दो प्रदेशाने पुढे स्वतःची रीत बरीच बदलली. तिथून आलेला जुना शिरस्ता शिल्लक राहिला तो आरोमध्ये.

तोंदोनिया हे बागेचं नाव. एब्रो नदीने घेतलेल्या वळणाच्या आत, उजव्या काठावर, 100 हेक्टरांहून थोडी मोठी ही बाग 1913-14 मध्ये लावली गेली. माती गाळाची, चुनखडीमिश्रित. उत्तरेला कांताब्रियाची डोंगररांग अटलांटिकचा पाऊस अडवते, पण गारवा पूर्ण अडवत नाही. म्हणून द्राक्षं हळू पिकतात आणि त्यांच्यातलं आम्ल टिकतं. हे आम्ल लक्षात ठेवावं, पुढच्या सगळ्या कारभाराचा खांब तेच आहे.

मिश्रणात टेम्प्रानिलो सुमारे 75 टक्के, गार्नाचो 15, आणि उरलेल्या दहांत ग्रासियानो व मासुएलो. टेम्प्रानिलो हे नाव ‘लवकर’ या अर्थाच्या शब्दावरून आलं, कारण ते इतरांआधी पिकतं. त्याचा पोत चांगला, पण आम्ल बेताचं. गार्नाचो अंग आणि अल्कोहोल देतं. ग्रासियानो आणि मासुएलो प्रमाणाने थोडी असली तरी आम्ल आणि तुरटपणा त्यांच्याकडून येतो. आमटीत आमसुलं दोनच असतात, ती काढून टाकली तर कळतं काय गेलं ते. एकट्या टेम्प्रानिलोवर सहा वर्षांचा पल्ला गाठणं जोखमीचं असतं.

आंबवणं मोठ्या ओकच्या हौदांत, द्राक्षावर आणि हौदाच्या लाकडात वसलेल्या यीस्टवरच होतं. पाकिटातलं यीस्ट घालत नाहीत. हे धाडस वाटतं खरं, पण शंभरेक हंगाम पाहिलेल्या हौदात स्थानिक यीस्टची वस्ती पक्की झालेली असते. नव्या वाइनघराने पहिल्याच वर्षी याची नक्कल करू नये.

पिंप: मसाला की भांडं

सगळ्या गोंधळाचं मूळ ‘ओक’ या एका शब्दात आहे. नवं पिंप हा मसाला असतो आणि जुनं पिंप हे भांडं. नव्या पिंपातून व्हॅनिलिन, ओक-लॅक्टोन (नारळाचा वास देणारा घटक), लाकडाचं टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) आणि आच दिल्यामुळे तयार झालेले धुरकट घटक पहिल्या दोन-तीन वापरांतच बहुतेक उतरतात. पाचव्या भरणीनंतर चहाच्या त्याच पुडीवर पाचव्यांदा पाणी ओतल्यासारखी गत होते. पण लाकडाची छिद्रं तशीच राहतात. मातीच्या माठासारखं पिंप जुनं झालं तरी श्वास घेतं, फक्त चव द्यायचं थांबतं.

लोपेझ दे एरेदियांकडे अशी जवळपास 13 हजार पिंपं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी दशकानुदशकं वापरातली. लाकूड अमेरिकन पांढरा ओक. तो मागवून, उघड्यावर वाळवून, वाइनघराच्या स्वतःच्या कारखान्यात पिंपं बांधली जातात. इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. अमेरिकन ओकच्या नळ्या टायलोसिस नावाच्या वाढीने चांगल्या बुजलेल्या असतात, त्यामुळे तो करवतीने कापला तरी गळत नाही. फ्रेंच ओक मात्र रेषेच्या अंगाने फाडावाच लागतो, नाहीतर पिंप झिरपतं. एका ओंडक्यातून अमेरिकन ओकच्या फळ्या जास्त निघतात, म्हणून तो स्वस्त पडतो. शिवाय त्यातलं टॅनिन कमी आणि लॅक्टोन जास्त. रिओखाच्या जुन्या वाइनमधला गोडसर नारळी वास त्यातूनच येतो.

स्वतःचे पिंप-कारागीर पदरी असण्याचा खरा फायदा नवी पिंपं बनवण्यात नाही, जुनी जगवण्यात आहे. एखादी फळी कुजली, कडी गंजली, तोंडाच्या खाचेतून पाझर सुरू झाला, तर तेवढीच फळी बदलून पिंप परत रांगेत जातं. बाहेरच्या कारागिराला बोलावून हे करायचं ठरवलं तर दुरुस्तीपेक्षा नवं पिंप सोयीचं वाटायला लागतं आणि हळूहळू वाइनची चवच बदलते. पिंपांच्या जिवावर घराण्याची चव टिकते असं म्हणतात, त्याचा व्यवहारातला अर्थ हा असा आहे.

वर्षातून दोनदा

सहा वर्षं वाइन ‘ठेवली’ असं आपण म्हणतो, पण ती नुसती पडून नसते. वर्षातून दोनदा प्रत्येक पिंपातली वाइन साका मागे ठेवून दुसऱ्या पिंपात घेतात. सहा वर्षांत बारा वेळा. पारंपरिक रीत अशी:

रिकामं पिंप पाण्याने धुवायचं. आतल्या भिंतीला चिकटलेले टार्ट्रेटचे खडे निघेपर्यंत धुवायचं. (हे टार्टारिक आम्लाचे क्षार, आपल्या चिंचेतलं आम्ल तेच.) मग पूर्ण निथळू द्यायचं. ओलं पिंप बुचासकट बंद करून ठेवलं की बुरशी धरते. निथळल्यावर आत गंधकाची वात जाळायची. 225 लिटरला साधारण 5 ग्रॅम गंधक पुरतं. वात जळताना तिचे थेंब पिंपात पडू देऊ नयेत. न जळलेला गंधक वाइनमध्ये गेला की पुढे सडक्या अंड्याचा वास उठतो.

भरलेल्या पिंपाच्या तोंडाला, तळापासून काही बोटं वर तोटी असते. तिच्यातून वाइन उतारानेच वाहू द्यायची, पंपाचे धक्के न देता. वाहती वाइन काचेच्या पेल्यात धरून मेणबत्तीच्या उजेडात पाहत राहायचं. पहिली गढूळ रेघ दिसली की तोटी बंद. इथे अर्धा मिनिट डुलकी लागली तर सहा महिन्यांचं निवळणं वाया जातं.

या कामातून तीन गोष्टी साधतात. मेलेल्या यीस्टचा साका बाजूला होतो, म्हणजे त्यावर जगणाऱ्या जंतूंचं खाद्य जातं. साक्यात हवेविना तयार झालेला गंधकी वास उडतो. आणि वाइनला मोजका ऑक्सिजन मिळतो. तळघराच्या तापमानाला वाइनमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो. संथ उतरलेल्या वाइनमध्ये त्याहून बराच कमी जातो. हा घोट टॅनिन आणि रंगद्रव्यांना एकमेकांशी जोडायला पुरतो. त्यांच्या लांब साखळ्या बनतात, काही जड होऊन खाली बसतात, तुरटपणा मऊ होतो आणि जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. मध्ये मध्ये घोट आणि बाकीचा काळ बंद तोंड, हा या रीतीचा ताल. सतत हवा लागली असती तर वाइन केव्हाच संपली असती.

बदलण्याच्या दोन खेपांमध्ये पिंप काठोकाठ भरलेलं ठेवावं लागतं. लोणच्यावर तेलाचा तवंग कमी झाला की वरच्या फोडी काळ्या पडतात, तसंच इथे. बुचाखाली जागा मोकळी राहिली की तिथे असेटोबॅक्टर हा व्हिनेगर करणारा जंतू बस्तान मांडतो. भर घालायची ती त्याच वर्षाच्या, त्याच बागेच्या वाइनची. घाईत हाताशी आलेल्या कुठल्याही वाइनने भर घातली तर बाटलीवरचं वर्ष खोटं पडतं.

अंड्याचा पांढरा बलक

गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, त्याच कुळातलं हे काम आहे. पांढऱ्या बलकातली प्रथिनं वाइनच्या आम्लात धनभारित असतात. ती टॅनिनला पकडतात, गोळा होतात आणि तळाशी बसतात. प्रमाण पिंपामागे 4 ते 6 ताज्या अंड्यांचे पांढरे बलक. पिवळा भाग जराही नको, त्यातली चरबी वाइनला खवट करते. बलकात चिमूटभर मीठ टाकायचं. बलकातली काही प्रथिनं साध्या पाण्यात विरघळत नाहीत, खारट पाण्यात विरघळतात. थोड्या पाण्यात किंवा वाइनमध्ये हलक्या हाताने घोळायचं. केकसारखा फेस काढला की तो वर तरंगत राहतो आणि काही निवळत नाही. मग बारीक धारेने पिंपात सोडत ढवळायचं आणि दोन ते चार आठवडे हात लावायचा नाही. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे वाइन बदलायची.

बलक जास्त झाला तर तुरटपणाबरोबर वाइनचा कणाही जातो. म्हणून एका पिंपावर घाला नि मोकळे व्हा असं करू नये. बाटलीभर वाइनवर तीन-चार प्रमाणांची चाचणी घ्यावी आणि जिथे जीभ समाधानी होते त्याच्या एक पायरी आधी थांबावं.

शाकाहारी वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. अंडं तळाशी बसून मागे राहतं, तरी युरोपात 2012 पासून बाटलीत अंड्याचा अंश आढळला तर तो लेबलवर लिहावा लागतो. अंश न आढळल्यास लिहिलेलं नसतं. म्हणजे लेबल गप्प असल्यावरून वाइन अंड्याविना बनली असा अर्थ काढता येत नाही. तोंदोनिया ताज्या पांढऱ्या बलकाने निवळली जाते, हे उघड माहीत आहे.

कुठे बिघडतं

सहा वर्षांच्या पल्ल्यात सगळ्यात नाजूक हिशेब आम्ल आणि सल्फरडायऑक्साइडचा (गंधक जळून होणारा, वाइन राखणारा वायू). वाइनमध्ये मोकळा असलेला सल्फरडायऑक्साइड सगळाच कामाचा नसतो. जंतूंना मारतो तो त्याचा रेणूरूपातला अंश, आणि तो किती हे पीएचवर ठरतं (आम्ल जितकं कमी तितका पीएच जास्त). लाल वाइनसाठी रेणूरूपात लिटरला 0.5 मिलिग्रॅम हे लक्ष्य धरलं तर पीएच 3.4 असताना मोकळा 20 मिलिग्रॅम पुरतो. 3.6 ला तो 31 लागतो आणि 3.8 ला 49. म्हणजे आम्ल जरा ढिलं झालं की त्याच सुरक्षिततेसाठी अडीचपट गंधक. एकूण सल्फरडायऑक्साइडची युरोपातली मर्यादा कोरड्या लाल वाइनला 150 मिलिग्रॅम आहे, आणि दर खेपेला घातलेल्यातला बराचसा वाइनमध्ये बांधला जाऊन निरुपयोगी होतो. बारा खेपांत ही मर्यादा सहज अंगावर येते. आरोची गार बाग आणि ग्रासियानोचं आम्ल यांचा उपयोग नेमका इथे.

जुन्या पिंपाचा खरा शत्रू ब्रेटानोमायसेस हे यीस्ट. ते लाकडात खोलवर शिरतं, पाण्याने जात नाही आणि उरलेल्या चिमूटभर साखरेवरही वर्षानुवर्षं तगतं. त्याची खूण म्हणजे घोड्याच्या पागेचा किंवा जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा वास. थोडा असेल तर काहींना तो ‘जुनेपणा’ वाटतो. जास्त झाला की फळ पूर्ण झाकलं जातं. असं पिंप वाफेने आणि गंधकाने सुधारलं नाही तर रांगेतून काढणंच स्वस्त, कारण भर घालणाऱ्या एका भांड्यावाटे ते शेजारच्या दहा पिंपांना बाधतं.

व्हिनेगराचा अंश मोजायची कसोटी म्हणजे उडनशील आम्ल. लाल वाइनला युरोपात कायद्याने लिटरला 1.2 ग्रॅमपर्यंत चालतं, पण नाकाला 0.7 च्या आसपासच कळायला लागतं. जुन्या धर्तीच्या रिओखात ते थोडं वर असतं आणि तेच सुगंधाला उचलून धरतं. नखांच्या पॉलिशसारखा वास आला तर मात्र तो उचलून धरणं राहिलं नाही, ती बिघडली.

तळघराची हवाही हिशेबात धरावी. जमिनीखालचं तळघर वर्षभर गार आणि दमट राहतं. दमट हवेत पिंपातून पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं. कोरड्या हवेत उलट होऊन वाइन तीव्र होत जाते. तोंदोनियाचा अल्कोहोलचा आकडा सहा वर्षांनंतरही बेताचा राहतो, त्यात या ओलाव्याचाही वाटा आहे. भिंतींवर बुरशी आणि कोळ्यांची जाळी दिसतात, ती मुद्दाम झाडत नाहीत. बूच पोखरणारे पतंग कोळी खातात. पाहुण्याला हा गलथानपणा वाटतो. पण पिंपाच्या आतली स्वच्छता आणि भिंतीवरची जाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक नवी वाइनघरं नेमकी उलटी चूक करतात: भिंती चकचकीत, पिंपाचं बूच चिकट.

किती जातं, किती उरतं

एका पिंपाचा हिशेब मांडू. 225 लिटर म्हणजे 300 बाटल्या. उडून जाणारी तूट वर्षाला 2 टक्के धरली तरी 4.5 लिटर, सहा वर्षांत 27. बारा वेळा वाइन बदलताना साक्यात मागे राहणारी वाइन खेपेला सरासरी सव्वा लिटरपेक्षा थोडी जास्त धरली तर आणखी 16. एकूण 43 लिटर, म्हणजे सुमारे 57 बाटल्या गेल्या. उरल्या 243. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, कोरड्या तळघरात तूट याच्या दुपटीनेही होते. पण पाचात जवळपास एक बाटली कुणीच न पिता संपते, हा अंदाज ठोकताळ्याला पुरेसा आहे.

त्याहून मोठा खर्च पैसा अडकण्याचा. 13 हजार पिंपं पूर्ण भरली तर 29 लाख लिटर, म्हणजे 39 लाख बाटल्यांचा माल. आज काढलेल्या द्राक्षाचा पैसा दहा-बारा वर्षांनी येणार आणि दरम्यान दर ऑक्टोबरला मजुरी रोख द्यायची. भागधारकांना दर तिमाहीत हिशेब द्यावा लागणाऱ्या कंपनीला हे पेलत नाही. बाग स्वतःची, पिंप स्वतःचं, वारसाही स्वतःचे, असं असेल तरच हे जमतं. घराण्याने 2006 मध्ये झाहा हदीद यांच्या आराखड्याचा डिकॅंटरच्या, म्हणजे वाइन ओतून घ्यायच्या सुरईच्या, आकाराचा मंडप दुकानासाठी उभारला. म्हणजे नव्याचं वावडं त्यांना नाही, फक्त ते तळघरात शिरू देत नाहीत.

नाशिक भागातही टेम्प्रानिलो लावलेलं आहे, म्हणून तिथल्या मंडळींना सहा वर्षांचा मोह होऊ शकतो. आमचं मत विरोधात आहे. तिथे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, वाढत्या उन्हात होते. आम्ल पटकन उतरतं आणि पीएच 3.8 कडे सरकतो. वरचा गंधकाचा हिशेब मग विरोधात जातो. तळघर गार ठेवायचं ते विजेवर. अशा वाइनला वर्ष-दीड वर्ष, काही नवी काही जुनी पिंपं, आणि लवकर बाटली, हाच मार्ग शहाणपणाचा. आरोकडून घ्यायचं असेल तर आम्लासाठी दुसरं द्राक्ष मिसळायची आणि जुनं पिंप दुरुस्त करून वापरायची रीत घ्यावी.

बाटली उघडताना

तोंदोनिया गाळणीतून न काढता बाटलीत भरतात, म्हणून तळाशी साका येणारच. तो दोष नाही. रंग आणि टॅनिनच्या साखळ्या जड होऊन बसलेल्या असतात. बाटली आडवी ठेवलेली असेल तर एक दिवस आधी उभी करावी.

मुंबई-पुण्यात खोलीचं तापमान 30 अंश असताना ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला निरुपयोगी आहे. 16 ते 18 अंश हवेत. फ्रिजमध्ये दीड तासाच्या आसपास, किंवा बर्फाच्या पाण्यात उभी करून दहा-बारा मिनिटं. हलवायची नाही. वर्षभर साठवायची असेल तर स्वयंपाकघराच्या फडताळात नको. उन्हाळ्यात वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं आणि आत हवा जाते.

जुनं बूच ठिसूळ असतं. स्क्रू पूर्ण खोल घालून हळू ओढावं, तुटलंच तर उरलेला तुकडा आत न ढकलता तिरप्या स्क्रूने काढावा. बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून वाइन दुसऱ्या भांड्यात एकाच संथ धारेत ओतावी आणि मानेत साक्याची रेघ आली की थांबावं. मेणबत्तीच्या उजेडातली तळघरातली कृती तुमच्या टेबलावर तेराव्यांदा होते. मागे अर्धी वाटी राहील, ती रश्श्यात घालावी.

पहिला वास बंद खोलीसारखा आला तर वीस-तीस मिनिटं थांबावं. ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल आणि तो थांबल्याने वाढत असेल, तर बुचातला टीसीए (वाइनला कुबट वास देणारा घटक) आहे. ती बाटली दुकानदाराला परत करावी. नुसती विटकरी आणि सुक्या फळासारखी लागली म्हणून परत करू नये, ती तशीच असायला हवी. बरोबर जेवण तिखटजाळ नको, कारण मिरचीने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचरे लागतात. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासमोर सहा वर्षांची मेहनत दोन घासांत हरते. रिओखात वेलीच्या वाळक्या काटक्यांवर भाजलेल्या कोवळ्या मेंढराच्या बरगड्या खातात. आपल्याकडे कमी तिखटाचं, मिरी-धण्याचं सुकं मटण त्याच्या जवळ जातं. अर्धी बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती बहुधा चांगली लागते, तिसऱ्या दिवशी बहुधा नाही.